‘तो कसा आहे?’ हे इंग्रजीत नेमकं कसं सांगायचं

प्रश्न असा आहे: माणसाच्या दिसण्याच्या आणि स्वभावाच्या इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ आहेत, पण बोलायची वेळ आली की ‘गुड’, ‘नाइस’, ‘टॉल’, ‘फेअर’ यापुढे गाडी सरकत नाही. धीर करून एखादा वेगळा शब्द वापरला तर ऐकणारा भलताच अर्थ घेतो. असं का होतं आणि त्यावर काय करावं?

शब्द कमी पडतात म्हणून हे सहसा होत नाही. घोळ दोन ठिकाणी असतो. एक म्हणजे मराठी वाक्याचा साचा तसाच इंग्रजीत उतरतो. दुसरं, आणि हे जास्त त्रासाचं, की कित्येक इंग्रजी शब्द मराठीत इतके मुरले आहेत की त्यांचा मूळ अर्थ वेगळा आहे हे आपल्या लक्षातही येत नाही.

सुरुवात ‘कसा’ या शब्दापासूनच करू. ‘तो कसा आहे?’ या एका मराठी प्रश्नात इंग्रजीतले तीन प्रश्न दडलेले आहेत. तब्येतीची चौकशी असेल तर ‘हाउ इज ही?’. रूप विचारायचं असेल तर ‘व्हॉट डझ ही लुक लाइक?’. माणूस म्हणून कसा, हे विचारायचं असेल तर ‘व्हॉट इज ही लाइक?’. या शेवटच्या प्रश्नातलं ‘लाइक’ म्हणजे आवडणं नव्हे, ते ‘सारखा’ या अर्थाचं आहे. तो प्रश्न ऐकून ‘ही लाइक्स म्युझिक’ असं उत्तर देणं ही फार नेहमीची चूक आहे. याखेरीज ‘हाउ डझ ही लुक?’ असाही प्रश्न असतो, त्याचा रोख आत्ताच्या अवस्थेवर असतो: थकलेला दिसतोय का, आजारी दिसतोय का, या कपड्यांत बरा दिसतोय का.

आता साचा. मराठीत ‘आहे’ सगळीकडे चालतं: तो उंच आहे, त्याचे डोळे तपकिरी आहेत, त्याला दाढी आहे, त्याला चष्मा आहे. इंग्रजीत याची तीन क्रियापदं होतात. सबंध माणसाबद्दल बोलताना ‘इज’: ही इज टॉल. शरीराच्या एखाद्या भागाबद्दल ‘हॅज’: ही हॅज ब्राउन आइज, ही हॅज अ बिअर्ड. काढता-घालता येणाऱ्या गोष्टीबद्दल ‘वेअर्ज’: ही वेअर्ज ग्लासेस. ‘ही इज हॅविंग ब्राउन आइज’ हे चुकीचं, कारण डोळे असणं ही चालू असलेली क्रिया नाही. टक्कल मात्र उलटं आहे. मराठीत ते नाम, इंग्रजीत विशेषण. म्हणून ‘ही इज बॉल्ड’. इथे उच्चार सांभाळा. ‘बोल्ड’ म्हटलंत तर तो धीट होतो आणि टक्कल राहून जातं. उंचीबाबत ‘हिज हाइट इज गुड’ असं कुणी म्हणत नाही, ‘ही इज टॉल’ किंवा ‘ही इज क्वाइट टॉल’ म्हणतात. माणसाला ‘हाय’ लावत नाहीत. आकडा सांगायचा तर ‘ही इज फाइव्ह फुट सेव्हन’, म्हणजे साधारण १७० सेंटिमीटर.

वय सांगायला मराठीची तिशी-चाळिशी इंग्रजीत अगदी सहज बसते. तिशीतला म्हणजे ‘इन हिज थर्टीज’. त्यातही नुकताच तिशी ओलांडलेला ‘अर्ली थर्टीज’, पस्तिशीच्या आसपासचा ‘मिड-थर्टीज’, चाळिशीला टेकलेला ‘लेट थर्टीज’. ‘टीनेजर’ हा शब्द १३ ते १९ या वयालाच लागतो, कारण ‘टीन’ हा प्रत्यय असलेले आकडे तेवढेच. बारा वर्षांची मुलगी टीनेजर नव्हे. ‘अ सिक्स-इयर-ओल्ड बॉय’ म्हणताना ‘इयर’ एकवचनीच राहतं. म्हाताऱ्या माणसाला ‘ओल्ड’ऐवजी ‘एल्डर्ली’ किंवा ‘ओल्डर’ म्हणणं सभ्यपणाचं.

केसांपाशी बहुतेक जण अडखळतात. मराठीत केस अनेकवचनी, इंग्रजीत डोक्यावरचं ‘हेअर’ मोजता न येणारं आणि एकवचनी: हर हेअर इज लाँग. ‘हेअर्स’ म्हटलं की सुटे केस डोळ्यांपुढे येतात, कोटाच्या बाहीला चिकटलेले दोन-तीन. विशेषणांचा क्रम आधी लांबी, मग पोत, मग रंग असा: लाँग वेव्ही ब्लॅक हेअर. ‘लव्हली’सारखं मत असेल तर ते सगळ्यात आधी येतं. तीनपेक्षा जास्त विशेषणं एका नामामागे लावू नका. उरलेली ‘विथ’ जोडून पुढे न्या. कुरळे म्हणजे कर्ली, पिंजारलेले फ्रिझी, दाट थिक, विरळ होत चाललेले थिनिंग. कपाळ मागे सरकत चाललं असेल तर ‘रिसीडिंग हेअरलाइन’. आणि पांढऱ्या केसांना सहसा ‘ग्रे’ म्हणतात. ‘व्हाइट’ म्हटलं तर पार कापसासारखे झालेले केस असा अर्थ होतो. अंबाडा म्हणजे बन. वेणी ब्रिटिश इंग्रजीत प्लॅट, अमेरिकेत ब्रेड (braid). कपाळावर कापून सोडलेले केस ब्रिटनमध्ये फ्रिंज आणि अमेरिकेत बँग्ज. मिशी ब्रिटिश उच्चारात मस्टाश. दोन दिवसांची वाढलेली दाढी म्हणजे स्टबल.

रंगाबद्दल बोलताना जपून. ‘शी इज फेअर’ हे ब्रिटिश माणसाला ‘तिचे केस सोनेरी आहेत’ असं किंवा ‘ती निःपक्षपाती आहे’ असं ऐकू येऊ शकतं. त्वचेचाच रंग सांगणं गरजेचं असेल तर ‘फेअर-स्किन्ड’ किंवा ‘डार्क-स्किन्ड’ असं पूर्ण म्हणा. ‘व्हीटिश’ हा भारतीय इंग्रजीतला शब्द आहे. इतरत्र तो समजत नाही. खरं तर गोरेपणाला वर्णनात पहिलं स्थान देण्याची सवयच सोडावी. ओळख पटवायला वय, बांधा, केस, चष्मा एवढं पुरतं. काळ्या डोळ्यांना ‘ब्लॅक आइज’ म्हणू नका, कारण ‘अ ब्लॅक आय’ म्हणजे ठोसा बसून काळानिळा झालेला डोळा. ‘डार्क आइज’ किंवा ‘डार्क ब्राउन आइज’ म्हणा. घाऱ्या डोळ्यांना जवळचा शब्द ‘हेझल’.

चेहऱ्याचे बारकावे पटकन सांगतो: खळी डिंपल, तीळ मोल, व्रण स्कार, नकटं नाक स्नब नोज, सुरकुत्या रिंकल्स, भरघोस भुवया बुशी आयब्राउज. नाकीडोळी नीटस असेल तर इंग्रजीत ‘रेग्युलर फीचर्स’ म्हणतात, आणि त्या ‘रेग्युलर’चा अर्थ ‘नेहमीचे’ नसून ‘प्रमाणबद्ध’ असा असतो.

बांध्याचे शब्द शिकताना अर्थाइतकाच त्यामागचा सूर शिकावा लागतो. ‘स्लिम’ आणि ‘स्लेंडर’ ही तारीफ आहे. ‘थिन’ बराचसा तटस्थ, जरा काळजीकडे झुकणारा. ‘स्किनी’ म्हणजे किडकिडीत, तोंडावर म्हणू नये. ‘लीन’ म्हणजे अंगावर चरबी नाही पण कस आहे. आपल्या ‘काटक’ला ‘वायरी’ हा सुरेख शब्द आहे, उंच पण हातपाय सावरता न येणाऱ्या सडसडीत पोराला ‘लँकी’, ठेंगण्या पण भक्कम माणसाला ‘स्टॉकी’, धिप्पाडाला ‘बर्ली’, नाजूक चणीच्या बाईला ‘पेटीट’. जाडीच्या बाजूला ‘चबी’ लहान मुलांना शोभतं, ‘ओव्हरवेट’ हा डॉक्टरी शब्द, ‘फॅट’ सरळ अपमान. ‘जरा हेल्दी आहे’ हे आपण जाड माणसाला सौम्यपणे म्हणतो, पण इंग्रजीत त्याचा अर्थ निरोगी एवढाच होतो आणि सांगायचं ते पोचतच नाही.

‘हेल्दी’ ज्या गटातला, तो गट इथे नीट बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्यातूनच होतात. ‘काय पर्सनॅलिटी आहे!’ असं आपण उंचपुऱ्या, रुबाबदार माणसाबद्दल म्हणतो. इंग्रजीत ‘पर्सनॅलिटी’चा उंचीशी संबंध नाही. ‘ही हॅज अ ग्रेट पर्सनॅलिटी’ म्हणजे त्याचा स्वभाव छान, सहवास हवाहवासा. रुबाब सांगायचा तर ‘ही इज टॉल अँड इम्प्रेसिव्ह-लुकिंग’. ‘स्मार्ट’ मराठीत देखणा आणि चटपटीत. ब्रिटिश इंग्रजीत मुख्यतः नीटनेटक्या कपड्यांतला, अमेरिकेत हुशार. ‘मूडी’ मराठीत लहरी कलावंत. इंग्रजीत कधी तोंड पाडून बसेल याचा नेम नसलेला माणूस, आणि हा दोषच. ‘सोबर’ आपल्याकडे सौम्य, सभ्य. इंग्रजीत कानाला आधी लागणारा अर्थ दारू न प्यायलेला. ‘होमली’ आपण घरगुती, मायाळू या अर्थी वापरतो, ब्रिटनमध्येही तो अर्थ चालतो, पण अमेरिकेत ते रूपाने बेताच्या माणसाला म्हणतात. ‘ही इज सिंपल’ म्हणजे साधा माणूस असं आपल्याला वाटतं. त्यातून बुद्धीने कमी असाही अर्थ निघतो, म्हणून ‘डाउन-टु-अर्थ’ किंवा ‘अनअझ्यूमिंग’ म्हणा.

‘सिन्सियर’चं उदाहरण बोलकं आहे. ‘सिन्सियर विद्यार्थी’ म्हणजे आपल्याकडे मन लावून अभ्यास करणारा. त्या अर्थाला इंग्रजीत ‘हार्डवर्किंग’ किंवा ‘कॉन्शिएन्शस’ म्हणतात. ‘सिन्सियर’ म्हणजे ज्याच्या मनात एक आणि ओठावर दुसरं नसतं असा. हा गुण इंग्रजी मनात किती वर आहे ते बघा: नॉर्मन अँडरसन या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये स्वभावाचे ५५५ शब्द अमेरिकन विद्यार्थ्यांकडून आवडीनुसार जोखून घेतले, तेव्हा सर्वांत वर ‘सिन्सियर’ आला आणि सर्वांत खाली ‘लायर’. एवढा वजनदार शब्द वेळेवर गृहपाठ करण्यासाठी खर्च होतो, आणि ज्याची खरी गरज होती तो ‘कॉन्शिएन्शस’ शिकायचाच राहतो.

स्वभावाच्या वाक्याचा साचाही बदलायला हवा. ‘हिज नेचर इज गुड’, ‘शी इज ऑफ हेल्पिंग नेचर’ ही मराठीची थेट नक्कल आहे. इंग्रजी माणसालाच विशेषण लावतं: ही इज काइंड, शी इज हेल्पफुल. ‘स्वभाव’ हा शब्द वाक्यातून काढूनच टाका, निम्म्या चुका तिथेच जातील. ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ आणि ‘आय अ‍ॅम बोअर्ड’ यांतला फरकही पक्का करा. मला कंटाळा आलाय हे दुसऱ्यात आहे. पहिल्यात मीच कंटाळवाणा ठरतो.

गुण आणि दोष पुष्कळदा एकाच गोष्टीची दोन नावं असतात. मराठीत हे आपल्याला आपोआप जमतं: काटकसरी आणि कंजूष यांत आपण गल्लत करत नाही. इंग्रजीतल्या अशा जोड्या एकत्रच शिकाव्यात. काटकसरी ‘थ्रिफ्टी’, कंजूष ‘स्टिंजी’; ब्रिटिश त्यालाच ‘मीन’ म्हणतात, पण अमेरिकेत ‘मीन’ म्हणजे दुष्ट. चौकस ‘क्युरियस’, भोचक ‘नोझी’. जिद्दी ‘डिटर्मिन्ड’, हट्टी ‘स्टबर्न’, अगदीच आडमुठा ‘पिग-हेडेड’. स्पष्टवक्ता ‘स्ट्रेटफॉरवर्ड’, फटकळ ‘ब्लंट’. अबोल ‘क्वायट’, बुजरा ‘शाय’, मन पटकन उघडं न करणारा ‘रिझर्व्ड’, तुटक वागणारा ‘अलूफ’. भोळ्याच्या तीन पायऱ्या आहेत: विश्वास टाकणारा ‘ट्रस्टिंग’, जगाचा अनुभव नसलेला ‘नाईव्ह’, कुणीही गंडवावा असा ‘गलिबल’. समंजस ‘सेन्सिबल’ आणि हळवा ‘सेन्सिटिव्ह’ हे दोन शब्द दिसायला सारखे, पण अर्थाने दूरचे. ‘डिटर्मिन्ड’चा उच्चार ‘डिटरमाइन्ड’ करू नका.

काही मराठी शब्दांना एका शब्दात उत्तर सापडत नाही आणि ते शोधत बसूही नये. ‘भिडस्त’ घ्या. शब्दकोशात ‘शाय’ मिळेल, पण भिडस्त माणूस लाजरा असेलच असं नाही. त्याची अडचण ही की त्याच्याने नाही म्हणवत नाही. मग तेच सांगा: ही फाइंड्स इट हार्ड टु से नो. ‘घुम्या’ला ‘ही कीप्स टु हिमसेल्फ’ बऱ्यापैकी जवळ जातं, जरी त्यात आपल्या शब्दातली नाराजी नाही. वयापेक्षा पोक्त मुलीला ‘शी इज मच्युअर फॉर हर एज’. हजरजबाबी माणसाला मात्र ‘क्विक-विटेड’ हा तयार शब्द आहे, आणि आगाऊ पोराला ब्रिटिश ‘चीकी’ नेमका बसतो, लाडिक रागासकट. ‘वडिलांवर गेलाय’ म्हणजे ‘ही टेक्स आफ्टर हिज फादर’. हे रूप आणि स्वभाव दोन्हींना चालतं, पण घरातल्या मोठ्यांच्याच बाबतीत. ‘रिझेम्बल्स’नंतर ‘टु’ किंवा ‘विथ’ लावायचं नसतं.

‘रुंद खांद्यांचा’, ‘मोठ्या मनाचा’ हा मराठी साचा इंग्रजीत जसाच्या तसा आहे, फक्त नामाला ‘एड’ लागतं: ब्रॉड-शोल्डर्ड, काइंड-हार्टेड, लेफ्ट-हँडेड, अ‍ॅब्सेंट-माइंडेड. या एका युक्तीने पन्नास शब्द हाताशी येतात. विरुद्धार्थी शब्दांच्या बाबतीत मात्र नियमावर विसंबू नका. ‘म’ आणि ‘प’पूर्वी बऱ्याचदा ‘इम’ येतं, जसं इम्पेशंट. ‘र’पूर्वी ‘इर’, जसं इरिस्पॉन्सिबल. पण ‘रिलायबल’चं होतं ‘अनरिलायबल’ आणि ‘ऑनेस्ट’चं ‘डिसऑनेस्ट’. ते जोडीनेच पाठ करावे लागतात.

विशेषणानंतर येणारी अव्ययं मराठीच्या ‘शी’मुळे चुकतात. तो माझ्याशी उद्धट वागला, म्हणून ‘रूड विथ मी’ असं तोंडून जातं. हवं असतं ‘रूड टु मी’. ‘काइंड’ आणि ‘पोलाइट’लाही ‘टु’ लागतं. ‘पेशंट’ आणि ‘स्ट्रिक्ट’ला ‘विथ’. ‘प्राउड’ आणि ‘जेलस’ला ‘ऑफ’. ‘गुड’ला कौशल्यासाठी ‘अ‍ॅट’.

दोष सांगताना इंग्रजी बोलणारे, विशेषतः ब्रिटिश, शब्द मऊ करून वापरतात. ‘ही इज इम्पेशंट’ हा निकाल झाला. ‘ही कॅन बी अ बिट इम्पेशंट’ ही माहिती झाली. ‘ही इज नॉट द टायडिएस्ट पर्सन’ म्हणजे खोली भयंकर पसरलेली असते, हे ऐकणाऱ्याला समजतं. तात्पुरतं वागणं आणि कायमचा स्वभाव यांतही फरक करा: ‘ही इज रूड’ म्हणजे उद्धटच आहे, ‘ही इज बीइंग रूड’ म्हणजे आत्ता तसं वागतोय. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. त्यांतले कायमच्या स्वभावाचे म्हणून त्यांनी वेगळे काढले ते ४,५०४ च. बाकीचे क्षणिक अवस्थेचे, लोकांच्या बऱ्यावाईट मतांचे आणि इतर. याद्या पाठ करून हा समुद्र उपसता येणार नाही हेही त्यावरून कळावं.

शब्दांच्या निवडीइतकाच त्यांचा क्रम आणि सोबत महत्त्वाची. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये लोकांना एका काल्पनिक माणसाचे सात गुण ऐकवले: इंटेलिजंट, स्किलफुल, इंडस्ट्रियस, वॉर्म, डिटर्मिन्ड, प्रॅक्टिकल, कॉशस. दुसऱ्या गटाला तीच यादी, फक्त ‘वॉर्म’च्या जागी ‘कोल्ड’. त्या एका शब्दाने ऐकणाऱ्यांच्या मनातला सबंध माणूस बदलला. दुसऱ्या प्रयोगात गुणदोषांची एक वेगळी यादी घेऊन दोन गटांसाठी फक्त तिचा क्रम उलटा केला, तेव्हाही मत बदललं: आधी दोष ऐकलेल्यांना तो माणूस कमी आवडला. म्हणून कुणाची शिफारस करताना माणूस कसा वागतो ते आधी सांगा, हुशारी मागून येऊ द्या आणि दोष सांगायचाच असेल तर शेवटी.

सरावासाठी आठवड्याला पाच-सहा शब्द पुरेत, पण प्रत्येक शब्दासोबत तीन गोष्टी लिहा: सूर कौतुकाचा की टीकेचा, पुढे कोणतं अव्यय लागतं, आणि ओळखीच्या माणसाबद्दल एक पुराव्याचं वाक्य. ‘रिलायबल’ लिहिलंत तर पुढे ‘इफ ही सेज सिक्स, ही इज देअर अ‍ॅट सिक्स’. असं वाक्य जोडलं की शब्द चुकीच्या जागी जात नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीत, तिच्या बोलण्याच्या परीक्षेत दुसऱ्या भागात माणसाचं वर्णन बऱ्याचदा विचारतात. तयारीला एक मिनिट आणि बोलायला एक ते दोन मिनिटं असतात. त्या एका मिनिटात विशेषणं लिहू नका, तीन प्रसंग लिहा. विशेषणं त्यांतून सुचतात. नुसती विशेषणं मोजत गेलात तर तीस सेकंदांत बोलणं संपतं.

शेवटी एकच वर्णन दोन प्रकारे. आधी नेहमी ऐकू येणारं: ‘माय फ्रेंड इज व्हेरी गुड. ही इज हॅविंग गुड हाइट अँड ब्लॅक हेअर्स. हिज पर्सनॅलिटी इज गुड अँड नेचर इज हेल्पिंग. ही इज व्हेरी सिन्सियर.’

आता तोच मित्र: ‘ही इज इन हिज लेट ट्वेंटीज, टॉल अँड ब्रॉड-शोल्डर्ड, विथ शॉर्ट कर्ली हेअर अँड अ नीट बिअर्ड. ही इज क्वायट अ‍ॅट फर्स्ट, बट ही इज रिअली फनी वन्स यू गेट टु नो हिम. ही इज जेनरस विथ हिज टाइम: व्हेन आय मूव्ड हाउस, ही केम बिफोर आय आस्क्ड. ही कॅन बी अ बिट स्टबर्न, एस्पेशली व्हेन ही थिंक्स ही इज राइट.’

दुसऱ्यात अवघड म्हणावा असा एकही शब्द नाही. ‘इन हिज’, ‘विथ’, ‘अ‍ॅट फर्स्ट’, ‘कॅन बी अ बिट’ हे जोडकाम करणारे तुकडे आहेत, आणि घर बदलण्याचा एक प्रसंग आहे. आधी हे तुकडे तोंडात बसवा, मग विशेषणं बदलत जा.